आजोबांच्या गावावरून मिळणारा देश

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी, पेडण्यात, डिचोलीत किंवा सत्तरीत जन्मलेल्या माणसाचा नातू, कागदांची साखळी नीट जुळली तर, आज पोर्तुगालचा नागरिक होऊ शकतो. तिथून हाकेच्या अंतरावर, बांद्यात किंवा दोडामार्गात त्याच काळात जन्मलेल्या माणसाच्या नातवाला ती वाट बंद आहे. दोन्ही घरांतली बोली जवळची, दशावतार तोच, जत्रा एकमेकांच्या, सोयरीकही एकमेकांत. पण एकाच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज दफ्तरात नोंदला गेला, दुसऱ्याच्या आजोबांचा सावंतवाडी संस्थानात झाला. तेवढ्यावरून पहिला नातू लिस्बन, पॅरिस, डब्लिन कुठेही परवान्याशिवाय नोकरी धरू शकतो आणि दुसरा व्हिसाच्या रांगेत उभा राहतो.

पूर्वजाच्या नावावर दुसरे नागरिकत्व मिळवण्याचा हा प्रकार गोव्यापुरता नाही. इटली, आयर्लंड, जर्मनी, स्पेन, हंगेरी, इस्रायल, कॅनडा अशा अनेक देशांनी आपापल्या कारणांनी हे दार उघडले आणि गेल्या काही वर्षांत त्यांतल्या काहींनी ते घाईघाईने लोटूनही घेतले. या कायद्यांची चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्यावर अडते: किती पिढ्यांपर्यंत? मला वाटते, निवाडा दुसऱ्या दोन प्रश्नांवर व्हायला हवा. नाते तुटले ते कोणामुळे? आणि तुटल्यानंतर ते जपले कोणी? या दोन प्रश्नांच्या उजेडात जगभरचे कायदे पाहिले की गोव्याचा गुंता समजतो आणि भारताने काय करायला हवे तेही दिसते.

रक्ताचा हक्क आला कुठून

माणूस कोणत्या देशाचा, हे ठरवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक, तो कुठे जन्मला यावरून. दुसरी, तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने दुसरी रीत कायद्यात पक्की केली आणि युरोपातल्या बऱ्याच देशांनी ती उचलली. एकोणिसाव्या शतकात युरोप माणसे बाहेर पाठवत होता. मुलगा ब्वेनोस आयरेसला किंवा साओ पावलोला गेला तरी तो आपला, त्याची मुलेही आपली, ही भूमिका मायदेशाला सोयीची होती. गेलेला माणूस पैसे पाठवायचा, कधी परतही यायचा.

इटली हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. १७ मार्च १८६१ ला इटलीचे एकीकरण जाहीर झाले आणि त्यानंतरच्या दशकांत लाखो माणसे अर्जेंटिना, ब्राझील आणि अमेरिकेच्या बोटींत बसली. १९१२ च्या कायद्याने परदेशात जन्मलेल्या मुलांचे इटालियन नागरिकत्व राखले आणि त्यात पिढ्यांची मर्यादा घातलीच नाही. १९९२ चा कायदाही त्याच वळणावर गेला. म्हणजे १८८० मध्ये वेनेतो सोडून गेलेल्या शेतकऱ्याने पुढच्या पिढीचा जन्म होण्याआधी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले नसेल, तर त्याचा खापरपणतूही कायद्याने इटालियनच. अशा माणसाला नागरिकत्व नव्याने द्यायचे नसते. ते जन्मापासून आहेच, एवढे फक्त मान्य करायचे असते.

या साखळीत आयांना मात्र जागा नव्हती. इटलीची राज्यघटना १ जानेवारी १९४८ ला लागू झाली. त्याआधी जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळत नसे. १९४७ मध्ये जन्मलेला भाऊ बाहेर आणि १९४८ मध्ये जन्मलेली बहीण आत, असे एकाच घरात घडले. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला, पण त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागली. यात इटली एकटा नाही. जर्मनीत १९७५ पर्यंत, ब्रिटनमध्ये १९८३ पर्यंत विवाहित आईकडून नागरिकत्व सहजी मिळत नव्हते. भारतात तर १९५५ च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाला केवळ वडिलांमुळे भारतीय मानले जाई. आई भारतीय असणे पुरेसे ठरले ते १० डिसेंबर १९९२ पासून. रक्ताचा हक्क म्हणताना कायद्यांनी दीर्घकाळ निम्मेच रक्त मोजले, हे या विषयातले मोठे शल्य आहे.

इटलीचे दार सताड उघडे राहिले आणि शेवटी गर्दी झाली. परदेशात राहणाऱ्या इटालियन नागरिकांची संख्या २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सुमारे ४६ लाखांवरून ६४ लाखांवर गेली. पूर्वजांच्या गावातच जुन्या नोंदी असल्याने सगळा भार छोट्या नगरपालिकांवर आला. वेनेतोतल्या वाल दि झोल्दो या डोंगराळ गावाच्या महापौरांनी तर निषेध म्हणून नगरपालिकेवर ब्राझीलचा झेंडा लावला. कचेरीतले मोजके कर्मचारी गावकऱ्यांची कामे बाजूला ठेवून ब्राझीलहून आलेल्या अर्जांसाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदी शोधत बसत. मतदारयादीत गाव कधीही न पाहिलेल्यांची नावे वाढत गेली.

२८ मार्च २०२५ ला इटलीच्या सरकारने एका रात्रीत वटहुकूम काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी केवळ इटालियन नागरिक असले पाहिजे, किंवा अर्जदाराच्या जन्माआधी त्याच्या आई-वडिलांपैकी एकाने इटलीत सलग दोन वर्षे राहिलेले असले पाहिजे. २७ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत अर्ज केलेल्यांना जुना नियम, नंतरच्यांना नवा. वर्षानुवर्षे वकिलातीत तारीख मिळण्याची वाट पाहणारे अनेक जण त्या एका रात्रीने बाहेर राहिले. मर्यादा घालणे समजण्यासारखे होते. ती मागच्या पिढ्यांवर अशी अचानक लादणे अन्यायाचे होते.

आयर्लंडने शहाणपणा दाखवला. आयर्लंड बेटावर जन्मलेल्या आजी किंवा आजोबांच्या नावावर नातवंडाला परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालता येते आणि त्या दिवसापासून ते आयरिश होते. पणजोबांवरून मात्र थेट हक्क नाही. पणतवंडाच्या जन्माआधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःची नोंद केलेली असेल तरच पुढची कडी जुळते. म्हणजे प्रत्येक पिढीने काहीतरी केले पाहिजे; हातावर हात ठेवून बसले की नाते तिथेच संपते. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर आयरिश आजी असलेल्या ब्रिटिश नागरिकांनी मोठ्या संख्येने नोंदणी केली, तरी ही चौकट मोडली नाही.

कॅनडाने डिसेंबर २०२५ पासून लागू केलेली रचना त्याच धर्तीची आहे. परदेशात जन्मलेल्या कॅनेडियनाला, परदेशातच जन्मलेल्या आपल्या मुलाकडे नागरिकत्व पोहोचवायचे असेल तर मुलाच्या जन्माआधी स्वतः कॅनडात १,०९५ दिवस राहिलेले असले पाहिजे. पिढ्या न मोजता तिथे काढलेले दिवस मोजायचे, हा विचार मला या साऱ्या कायद्यांत सर्वांत न्याय्य वाटतो.

हिरावलेले परत करणे

दुसरा प्रकार अगदी वेगळा. इथे पूर्वज आपण होऊन गेलेला नसतो. राज्याने त्याला हाकललेले असते.

नाझी राजवटीने २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्व एकगठ्ठा काढून घेतले. युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेत, ११६ व्या अनुच्छेदात, अशी तरतूद आली की १९३३ ते १९४५ या काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणांनी ज्यांचे नागरिकत्व गेले त्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते मागता येईल. तरीही तपशिलाच्या फटींतून पुष्कळ जण निसटले. जर्मन आईची मुले, नागरिकत्व काढून घेण्याआधीच पळून जाऊन दुसऱ्या देशाचे झालेले लोक अशांना नकार मिळत राहिला. २०२१ मध्ये कायदा बदलून या फटी बुजवल्या. इथे पिढ्यांची मर्यादा कोणी उगाळत नाही, कारण नाते राज्याने तोडले होते. तोडणाऱ्यानेच ते जोडून द्यायचे, यात उपकार कसला?

स्पेन आणि पोर्तुगालने हेच तत्त्व पाच शतके मागे नेले. स्पेनने १४९२ मध्ये आणि पोर्तुगालने १४९६ च्या फर्मानाने आपल्या ज्यूंना धर्म बदला किंवा चालते व्हा असे सांगितले. २०१५ मध्ये दोन्ही देशांत त्या ज्यूंच्या, म्हणजे सेफार्दींच्या, वंशजांना नागरिकत्व देण्याचे नियम लागू झाले. हेतू उदात्त होता. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा जन्मदाखला कोण आणणार? मग आडनावे, घरात टिकलेली भाषा, ज्यू संस्थांनी दिलेली प्रमाणपत्रे यांवर काम चालले. स्पेनने मुदत घातली आणि २०१९ मध्ये ती संपली. पोर्तुगालमध्ये रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच यांना २०२१ मध्ये याच वाटेने नागरिकत्व मिळाल्यावर गदारोळ झाला, प्रमाणपत्रांची चौकशी सुरू झाली आणि २०२२ मध्ये पोर्तुगालशी प्रत्यक्ष संबंध दाखवण्याची अट आली. ऐतिहासिक अन्यायाची कबुली देणे आणि पासपोर्ट देणे या दोन गोष्टी एकच धरल्या की काय होते, ते इथे दिसले. कबुलीला काळाची मर्यादा नसते. पुराव्याला मात्र असते.

सीमेपलीकडचे आपले

तिसऱ्या प्रकारात माणूस हललेलाच नसतो, सीमा हललेली असते. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा मोठा भूभाग शेजाऱ्यांकडे गेला. २०१० च्या कायद्याने हंगेरीने त्या भागातल्या हंगेरियन वंशाच्या लोकांना सोप्या रीतीने नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. हंगेरियन भाषा येणे ही अट ठेवली. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांहून अधिक लोक असे नागरिक झाले. शेजारचा स्लोव्हाकिया इतका बिथरला की त्याने त्याच वर्षी उलट कायदा केला: आपण होऊन दुसरे नागरिकत्व घेणाऱ्याचे स्लोव्हाक नागरिकत्व जाईल. दुसऱ्या देशाच्या माणसांना आपले म्हणणे ही शेजाऱ्याला कुरापत वाटू शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इस्रायलचा १९५० चा परतीचा कायदा याहून व्यापक. ज्यू माणसाला आणि १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यूच्या मुलाला व नातवालाही तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राचा या कायद्याशी थेट संबंध आहे, तो बेने इस्रायल समाजामुळे. पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांची आडनावे लावणारा, घरात मराठी बोलणारा हा समाज शतकानुशतके अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेल गाळत, शेती करत राहिला. १९४८ नंतर त्यांच्यापैकी हजारो लोक इस्रायलला गेले. तिथे पोहोचल्यावर मात्र धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली आणि लग्नाच्या वेळी त्यांच्या आयांच्या कुळाची चौकशी लावली. समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असे स्पष्ट केले. पूर्वजांच्या जोरावर देश मिळाला तरी पूर्वजांचीच परीक्षा द्यावी लागते, हे या मराठी माणसांनी सोसले आहे.

हाच निकष भिंत म्हणूनही वापरता येतो. केनियातल्या आशियाई लोकांकडे, त्यात गोवेकरही होते, ब्रिटिश पासपोर्ट होते. ते मोठ्या संख्येने येऊ लागल्यावर ब्रिटनच्या संसदेने १९६८ मध्ये काही दिवसांत कायदा केला: स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणाचा ब्रिटनशी जन्माचा किंवा तशाच प्रकारचा संबंध नसेल, तर पासपोर्ट असूनही मुक्त प्रवेश नाही. आजोबा लीड्सचा असलेला नैरोबीकर आत, आजोबा आसगावचा असलेला नैरोबीकर बाहेर. वसाहतींच्या काळात कोण कुठे जाऊ शकत होते यावर आजच्या पिढ्यांचे हक्क ठरतात आणि त्यात गोऱ्या कातडीचे पारडे आपोआप जड होते.

गोव्याचा गुंता

या पार्श्वभूमीवर गोव्याचे प्रकरण विलक्षण आहे. आशियातल्या माणसांना युरोपचे नागरिकत्व पूर्वजांवरून मिळते, अशी उदाहरणे फार थोडी. त्याचे मूळ पोर्तुगालच्या जुन्या धोरणात आहे. आफ्रिकेतल्या अंगोला, मोझांबिक, गिनी या वसाहतींत बहुसंख्य स्थानिकांना पोर्तुगालने 'देशी' ठरवून नागरिकत्वाबाहेर ठेवले. तो कायदा गोवा, दमण, दीवला लागू नव्हता. १८२२ मध्येच गोव्याने बेर्नार्दो पेरेस द सिल्वा यांना लिस्बनच्या संसदेसाठी निवडून दिले होते. अर्थात सालाझारच्या राजवटीत हे नागरिकत्व म्हणजे कागदावरचा मान होता. बोलण्याची, लिहिण्याची, सभा घेण्याची मुभा नसलेला तो नागरिक होता. त्याविरुद्ध बोलणारे तुरुंगात गेले. सांगलीचे मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

गोवा मुक्त झाल्यावर भारत सरकारने २८ मार्च १९६२ ला गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी या प्रदेशात जो जन्मला, किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक. ज्याला आधीचे नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात लेखी कळवावे. एका महिन्यात! टपाल, वर्तमानपत्र, साक्षरता यांची तेव्हाची स्थिती पाहता बहुतेकांना अशी मुदत आहे हेही समजले नसणार.

काहींनी तसे कळवलेही. फादर सेबास्तियाँव फ्रान्सिस्को शाव्हियेर दुश रेमेदियुश मोंतेरो या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहण्याचा पर्याय निवडला. मग ते स्वतःच्या गोव्यात परदेशी ठरले आणि राहण्याचा परवाना संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड अशी शिक्षा झाली. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे आणि जिनिव्हा करारानुसार आपल्याला घालवता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो फेटाळला: प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच व्याप्ती संपली. निकाल कायद्याने बरोबर होता. तरी जन्मगावात परवान्यावर राहायचे आणि परवाना संपला म्हणून कैद भोगायची, यातले दुःख निकालपत्राने मिटत नाही.

तिकडे लिस्बनने विलीनीकरण मान्यच केले नव्हते. त्याच्या लेखी गोव्यातली माणसे पोर्तुगीजच होती. एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही गेली, ३१ डिसेंबर १९७४ ला दोन्ही देशांनी करार केला आणि पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण जून १९७५ मध्ये, इतर वसाहती स्वतंत्र होत असताना, पोर्तुगालने केलेल्या कायद्यात जुन्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांसाठी खास तरतूद राहिली: नागरिकत्व राखायचे असेल तर तसे जाहीर करा. त्याला महिन्याची मुदत नव्हती. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने पोर्तुगीज माणसाच्या परदेशात जन्मलेल्या मुलालाही जन्मनोंदणीची वाट दिली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि धूळ खात पडलेल्या या तरतुदीला एकदम मोल आले.

ही वाट प्रत्यक्षात कशी चालते? सगळे सुरू होते ते आजोबांच्या किंवा वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीपासून. ती तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात जाड बांधणीच्या वहीत, झोकदार हस्ताक्षरात सापडते. बाळाचे नाव, जन्माची वेळ, आई-वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, साक्षीदार आणि समासात पुढे कधीतरी भरलेली लग्नाची नोंद. मग अडचणी सुरू होतात. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. त्यामुळे वहीतला 'पोरोबो' शाळेच्या दाखल्यात प्रभू असतो आणि 'शेंकोरा' रेशनकार्डावर शंकर. जन्मतारीख मास्तरांनी शाळाप्रवेशासाठी पुढे-मागे केलेली असते. हिंदू घरांत लग्नानंतर सुनेचे नाव बदललेले असते, म्हणजे आजीच्या नावाचे दोन अवतार. ही सगळी माणसे एकच आहेत हे प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करायचे, कागदांवर परराष्ट्र खात्याची मोहर घ्यायची, पोर्तुगीज भाषांतर करायचे आणि गठ्ठा लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात पाठवायचा. तिथे जन्म नोंदला गेला की ओळखपत्र, मग पासपोर्ट. वरची कडी आधी, खालची नंतर: वडिलांची नोंद झाल्याशिवाय मुलाची होत नाही.

मडगाव-पणजीत यावर एजंटांचा मोठा व्यवसाय उभा आहे. खोट्या दाखल्यांची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली आहेत. गोव्याहून गेलेल्या माणसांनी इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात वस्ती केली. गोदामांत, कारखान्यांत राबून घरी पैसे पाठवले, सासष्टीतली घरे नव्याने बांधली. २०२० च्या अखेरीस ब्रेक्झिटमुळे ब्रिटनची वाट बंद झाली, युरोपची उरली.

कडीवर कडी चढवण्याच्या या नियमाचा सर्वांत मोठा फटका बसतो तो गावातल्या म्हाताऱ्यांना. मुलाला युरोपला जाता यावे म्हणून वयाच्या सत्तरीतले वडील सही करतात आणि त्यांचा जन्म लिस्बनला नोंदला जातो. ते स्वतः कधी विमानात बसलेले नसतात, बसणारही नसतात. पण त्या सहीनंतर त्यांचे मत, त्यांचा भारतीय पासपोर्ट, त्यांचे नागरिकत्वच प्रश्नचिन्हाखाली येते. पोर्तुगाल म्हणते, यांना आम्ही नवे काही दिले नाही, जन्मापासूनचे मान्य केले. भारताच्या १९५५ च्या कायद्याचे ९ वे कलम म्हणते, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी पासपोर्ट घेणे हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा. पण नुसती जन्मनोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर? या प्रश्नावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालला आहे. निवडून आलेल्या आमदारांच्या नागरिकत्वावरही प्रश्न उठले.

२०२२ च्या अखेरीपासून गाठ आणखी घट्ट झाली. पोर्तुगीज नागरिक झाल्यावरही भारतीय पासपोर्ट बाळगला असेल तर तो परत स्वीकारण्याऐवजी रद्द करायचा, असे धोरण आले. परत केला तर समर्पण प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड मिळू शकते. रद्द झाला तर ते प्रमाणपत्र नाही, म्हणजे कार्डही नाही. आपल्याच घरी, आपल्याच आईला भेटायला व्हिसा काढायची वेळ शेकडो कुटुंबांवर आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण गोव्यात हा कळीचा मुद्दा होता, यात नवल नाही.

भारत स्वतः काय करतो

भारत पूर्वजांवरून हक्क देत नाही असे मात्र मुळीच नाही. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने २००२ च्या अहवालात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. त्यातून पूर्ण नागरिकत्व आले नाही. २००५ पासून 'परदेशस्थ भारतीय नागरिक' ही मधली पायरी आली. मत नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आयुष्यभर व्हिसा नको. हा दर्जा मुलापासून पणतवंडापर्यंत मिळतो. आणि त्यात एक तरतूद जणू गोव्यासाठीच आहे: १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग बनलेल्या प्रदेशातल्या माणसाच्या वंशजांनाही तो खुला आहे. मडगावशी नाळ असलेले पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांना जानेवारी २०१७ मध्ये बंगळूरला भारताच्या पंतप्रधानांनी हे कार्ड स्वतः दिले.

मॉरिशसच्या बाबतीत भारत याहून पुढे गेला. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तिकडे नेलेल्या भारतीयांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव, मराठी शिक्षण आणि मराठी मंडळ्या आजवर टिकवल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की भारतीय मूळ असलेल्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना हे कार्ड मिळेल. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत: प्रत्येकाला क्रमांक, बापाचे नाव, गाव, जहाज. मळ्यातल्या मालकाने राबणाऱ्याची मोजदाद ठेवण्यासाठी लिहिलेली ती वही आज त्याच्या वंशजाला त्याचे गाव सांगते.

सातव्या पिढीतल्या मॉरिशसकरासाठी हात पुढे करणारा भारत, एका पिढीपूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला त्याचा पासपोर्ट कोणत्या खिडकीवर जमा झाला यावरून दूर लोटतो. ही विसंगती टिकवण्याजोगी नाही.

न्याय्य काय

गोव्यात पुष्कळांना मनापासून वाटते की ज्यांच्याशी लढून स्वातंत्र्य मिळवले त्यांचाच पासपोर्ट घेणे हा हुतात्म्यांचा अपमान आहे. ही भावना खरी आहे. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेणारा बहुतेक वेळा खाण बंद पडल्याने, शेती परवडत नसल्याने किंवा मुलांच्या शिक्षणासाठी निघालेला असतो. त्याच्या देशप्रेमाची परीक्षा घेण्याआधी गोव्यातल्या रोजगाराची परीक्षा घेतली पाहिजे. शिवाय साळगावचा इंजिनिअर अमेरिकन नागरिक होतो तेव्हा गावात पेढे वाटले जातात. कुंकळ्ळीचा सुतार पोर्तुगीज होतो तेव्हाच निष्ठा का आठवावी?

दुसऱ्या बाजूने, पूर्वजांच्या हक्काला कायमचा वारसा मानणेही मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५५ मध्ये नोटेबोम खटल्यात म्हटले की नागरिकत्वामागे माणूस आणि देश यांच्यातले खरे नाते असले पाहिजे. ज्या देशाची भाषा येत नाही, ज्याच्या कारभाराचे बरे-वाईट आपल्याला भोगायचे नाही, त्याची सरकारे दूरवरून मत देऊन ठरवणे तिथल्या रहिवाशांवर अन्याय आहे. म्हणून जिथे पूर्वज आपखुशीने गेला तिथे आयर्लंड-कॅनडाची रीत योग्य: प्रत्येक पिढीने नाते जपल्याचे दाखवावे. जिथे राज्याने माणसाला हाकलले तिथे जर्मनीची रीत योग्य: ज्याने तोडले त्याने जोडावे, आकडे न मोजता. नियम बदलायचे असतील तर पुढच्यांसाठी, पुरेशी मुदत देऊन. इटलीसारखे एका रात्रीत नाही. आणि आई व बाप यांत फरक कुठेच नको.

गोवेकर या दोन्हींपैकी कशातच पूर्ण बसत नाही. तो हाकलला गेला नाही, आपखुशीने सोडूनही गेला नाही. तो होता तिथेच राहिला आणि त्याच्या डोक्यावर दोन देशांनी आपापला हक्क सांगितला. म्हणूनच त्याची जबाबदारी दोन्ही देशांवर आहे. पोर्तुगालमध्ये नागरिकत्वाचे नियम कडक करण्याचे वारे २०२५ पासून जोरात आहे. त्यात १९७५ चा शब्द मोडला जाऊ नये.

भारताने तीन गोष्टी कराव्यात. लिस्बनला जन्म नोंदवणे म्हणजे नागरिकत्व सोडणे की नाही, हे संसदेने एकदा स्पष्ट शब्दांत ठरवावे. परिपत्रकांवर माणसांचे आयुष्य टांगू नये. पासपोर्ट वेळेत परत न करणाऱ्यांना दंड घ्यावा, पण ओसीआयचे दार बंद करू नये. आणि ज्या वृद्धांनी मुलांसाठी केवळ सही केली, पासपोर्ट घेतला नाही, गाव सोडले नाही, त्यांना भारतीयच मानावे. गोवा सरकारनेही पोर्तुगीज काळातल्या नोंदवह्या सर्वांना सहज पाहता येतील अशा करून, त्यांच्या प्रती ठरलेल्या शुल्कात आणि ठरलेल्या मुदतीत द्याव्यात. एजंटांचा निम्मा धंदा त्यानेच बसेल.

कुटुंबांनीही हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा. सही करण्याआधी काय मिळते याबरोबर काय जाते याचा हिशेब घरातल्या सर्वांत थोरल्या माणसासमोर मांडावा, कारण बहुतेक वेळा मिळते ते नातवाला आणि जाते ते आजोबांचे. १९६२ मध्ये गोव्याच्या माणसाला आपला देश निवडायला एक महिना मिळाला होता. त्याच्या नातवंडांना निदान स्पष्ट नियम मिळाले पाहिजेत.